कुणाला दाखवू नकोस

खराडीत, सहाव्या मजल्यावर, काचेकडे पाठ करून
मी बसतो.
काम : लोकांच्या मेल वाचणं.
कार्डावर असं लिहीत नाहीत अर्थात.
कार्डावर असतं ‘माहिती सुरक्षा’,
आणि लग्नाकार्यात मामा ओळख करून देतात,
‘कम्प्युटरमध्ये आहे.’

सगळ्याच वाचत नाही. यंत्र चाळण धरतं,
वर राहिलेले खडे माझ्याकडे येतात.
ऑफर. राजीनामा. क्लायंटची यादी.
बहुतेकदा ऑफर लक्ष्मी रोडवरच्या साड्यांची असते
आणि राजीनामा सोसायटीच्या सेक्रेटरीचा.
मी ‘हरकत नाही’वर टिचकी मारतो, पुढे जातो.

मार्चमध्ये एक खडा आला.
शेडबाळे, सुवर्णा. बिलिंग.
माझ्यापासून चार टेबलं.
‘अक्के, रिपोर्ट जोडलाय. कुणाला दाखवू नकोस.
आईला तर मुळीच नको.’
रिपोर्ट, जोडपत्र, बाहेरचा पत्ता, लपवालपवी :
यंत्राला चारही खुणा पटल्या.
मी उघडलं.
कंपनीचं काही नव्हतं त्यात.
डाव्या बाजूची गाठ होती, दोन सेंटिमीटर,
आणि मिरजेच्या डॉक्टरांची सही.

गाठ.
दोऱ्याला पडते ती, माणसांची होते ती,
आणि ही.
मी ‘हरकत नाही’ दाबलं
आणि उठून उगाच दोन ग्लास पाणी प्यायलो.

नवी पेठेत आमच्या जिन्याखाली पत्रपेट्या होत्या.
वर आगाशांची पाटी :
‘दुसऱ्याची पत्रे उलटसुलट करून पाहू नयेत.
आपणांस पत्र येत नसल्यास
त्यास शेजारी जबाबदार नाहीत.’
जोडाक्षरं मी त्या पाटीवर शिकलो.

आणि कलम चौदावर सही केली, तीसुद्धा मीच.
तिनंही केलीय, सगळेच करतात, पहिल्या दिवशी,
ओळखपत्राचा फोटो काढून झाल्यावर :
‘कर्मचाऱ्याने खाजगीपणाची अपेक्षा ठेवू नये.’
अपेक्षा.
नाहीच, असं नाही म्हणत ते.
आशा धरू नका म्हणतात,
डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना म्हणतात तसं.

आठवड्यानं खाली, टपरीवर,
ती कुणाला तरी सांगत होती, शनिवारी मी नाही,
जयसिंगपूरला लग्न आहे चुलतभावाचं.
मी क्रीमरोल चहात बुडवत म्हणालो,
‘घाबरू नका हो, मिरजेला चांगले डॉक्टर आहेत.’

तुकडा ग्लासात पडला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
घरून निघताना कुलूप लावलं होतं
याची पक्की खात्री असलेल्या माणसासारखी.
मग ‘सुट्टे आहेत का दहाचे’ एवढंच म्हणाली,
टपरीवाल्याला.

त्यानंतर ती फोन घेऊन आगीच्या जिन्यात जायची.
ते दार जड आहे, मागे आपोआप मिटतं.
तिथला कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे, मला ठाऊक होतं.
मी दुरुस्तीची तक्रार टाकली नाही.
एवढंच केलं. याला कुणी धाडस म्हणू नये.

मे संपता संपता चाळणीवर पुन्हा तिचं नाव.
अक्केला तीन ओळी : आंबे पोचले, पेटीतले दोन डागी,
आईचा गुडघा बरा.
मग बरीच जागा मोकळी सोडून, तळाशी :
‘रिपोर्ट. क्लायंट. गुप्त. ऑफर.
एवढ्यावर आलं असेल ना हे तुमच्याकडे?
गाठ साधी निघाली. काढली.
चहाच्या वेळी विचारू नका.’

मी कितीतरी वेळ ‘हरकत नाही’वर बोट ठेवून होतो.
पाठवण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं
आणि ते बटण
तिच्यापर्यंत जात नाही.

साडेचारला खाली उतरलो.
ती खराडीपर्यंत न येणाऱ्या मेट्रोला शिव्या देत होती.
मीही दिल्या.